उन्हाळी परीक्षा

नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकलेल्या माणसाला दोन शब्द जन्मभर पुरतात: हिवाळी आणि उन्हाळी. ‘हिवाळी परीक्षा’, ‘उन्हाळी परीक्षा’ अशीच सत्रांची नावं, आणि वर्ध्यातल्या बहुतेक जुन्या महाविद्यालयांतली मुलं १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या वेळापत्रकानेच लहानाची मोठी झाली. हिवाळी परीक्षेला स्वेटर घालून जायचं आणि पहिली पाच मिनिटं तळहात चोळून बोटं मोकळी करायची. उन्हाळी परीक्षेला डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, पाण्याची बाटली घ्यायची आणि लिहिताना मनगटाखाली रुमाल ठेवायचा, म्हणजे घामाने शाई फुटत नाही. ऋतूचं नाव परीक्षेलाच देऊन टाकणारा हा प्रदेश आहे. हवेशी असलेलं शिक्षणाचं नातं इथे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. हवा अतिरेकावर आली की शेकडो-हजारो माणसांची संस्था नेमकं काय करते? वर्ग कोण बंद करतं, दिवे कोण चालू ठेवतं, जेवण कोण शिजवतं, आणि घरी जाता न येणाऱ्यांचं काय होतं?

जगाच्या थंड भागात या प्रश्नाचं उत्तर बरंच नेटकं झालं आहे. उत्तर अमेरिकेतल्या विद्यापीठांना हिमवादळाची सवय आहे. वादळ येणार हे दोन-तीन दिवस आधी कळतं. पहाटे, लोक घराबाहेर पडण्याआधीच निर्णय होतो, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनवर संदेश जातो. वर्ग बंद होतात, पण विद्यापीठ बंद होत नाही, कारण वसतिगृहांत मुलं असतातच. अनेक जुन्या विद्यापीठांत एकच मोठं बाष्पगृह सगळ्या इमारतींना ऊब पुरवतं, आणि ते एक रात्र बंद पडलं तर नळ गोठून फुटतात. म्हणून काही कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीतच लिहिलेलं असतं की बाकीच्यांना सुट्टी असली तरी यांनी यायचं: बाष्पगृह सांभाळणारे, बर्फ उपसणारे, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक. कॅनडाची राजधानी ओटावा इथल्या कार्लटन विद्यापीठाने तर इमारतींखालून सुमारे पाच किलोमीटरचे बोगदे काढले आहेत. वर उणे वीस असो की तीस, मुलं शर्टावर वर्गात पोचतात.

मात्र सवयीच्या गावालाही वादळ गाठतं. डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या दिवसांत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरावर जे हिमवादळ आलं, त्यात विमानतळावर सव्वाशे सेंटिमीटरपेक्षा जास्त बर्फ मोजला गेला आणि त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. रस्त्यावर गाड्या आणण्यावर बंदी आली ती २३ डिसेंबरला सकाळी साडेनऊला, म्हणजे पुष्कळ लोक कामाला निघून गेल्यावर. पुढे या उशिरावर बरीच टीका झाली. अंदाज अचूक होता, यंत्रणा तयार होती, पैसा होता. चुकले ते काही तास. आणि त्या तासांची किंमत मुख्यतः त्यांनी मोजली, ज्यांना सकाळी कामावर पोचणं भागच होतं.

वर्ध्यात बर्फ पडत नाही. इथलं वादळ पांढरंच असतं, पण ते उन्हाचं.

मे महिन्यात दुपारी एक वाजता वर्धा स्टेशनवरून सेवाग्रामच्या रस्त्याला लागलं की ते दिसतं. दुकानांची शटरं अर्धी खाली, रिक्षावाला लिंबाखाली, डांबरावर हवा थरथरत असलेली. समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंची, कुठूनही समुद्र जवळ नाही, खाली दख्खनचा काळा बसाल्ट. वर्ध्याचा अक्षांश २०.७ च्या आसपास असल्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडाशी सूर्य मध्यान्हीला अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच सुमाराला, २५ मेच्या आगेमागे, सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि विदर्भात ‘नवतपा’ लागतो. पंचांगाने सांगितलेले नऊ दिवस आणि भूगोलाने सांगितलेला दिवस इथे शेजारी-शेजारी येऊन बसतात. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. वर्ध्यात ४५ चा आकडा पेपरात आला तर कोणी दचकत नाही.

या न दचकण्यातच खरी अडचण आहे. हिमवादळ दार अडवतं. दाराशी कमरेएवढा बर्फ असेल तर वाद घालायला जागाच उरत नाही. ऊन दार उघडं ठेवतं. आभाळ निरभ्र, रस्ता मोकळा, एसटी वेळेवर. काम थांबवावं असं डोळ्यांना कुठेच दिसत नाही. म्हणून उष्णतेसाठी डोळ्यांऐवजी आकड्यांवर विसंबावं लागतं.

भारतीय हवामान विभागाचा मैदानी प्रदेशासाठीचा हिशोब असा आहे. कमाल तापमान निदान ४० अंश असलं पाहिजे आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी चढलेलं असलं पाहिजे, तर उष्णतेची लाट. त्याहून जास्त चढलं तर तीव्र लाट. किंवा सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोचला की लाट आणि ४७ ला पोचला की तीव्र लाट. हवामानशास्त्रीय उपविभागात, म्हणजे इथे विदर्भात, निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. त्यावरून हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे निघतात. या व्याख्येत एक मेख आहे. विदर्भाची मेमधली सरासरीच ४२-४३ च्या घरात. त्यामुळे ४४ अंशांचा दिवस, जो पुण्यात हाहाकार माजवेल, तो वर्ध्यात कागदोपत्री लाट ठरतच नाही. शरीर मात्र सरासरी वाचत नाही. फक्त ‘लाट जाहीर झाली का’ एवढंच पाहणारी संस्था इथे अर्धा उन्हाळा बेसावध राहील.

आकड्यांची पारखही लागते. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले आणि तासाभरात ती बातमी देशभर पसरली. हवामान विभागाने तपासणी केली आणि तो उपकरणातला बिघाड असल्याचं सांगितलं. खरं तापमान पांढऱ्या, झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, सावलीत मोजतात. म्हणजे बातम्यांतला ४५ हा सावलीतला ४५ असतो. मैदानावर, डांबरावर, पत्र्याखाली उभ्या माणसाला सोसावं लागतं ते याहून बरंच जास्त.

वर्धा शहराबाहेर उमरीजवळच्या टेकड्यांवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. जानेवारी १९७५ मध्ये नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, तिथे वर्ध्यात असं विद्यापीठ व्हावं असा विचार पुढे आला. संसदेच्या कायद्याने ते १९९७ साली उभं राहिलं. कल्पना जानेवारीच्या हवेत जन्मली, इमारतींना मात्र मेच्या हवेत उभं राहायचं होतं. या टेकड्या एके काळी उजाड होत्या. पातळ मुरूम, खाली खडक. आज तिथे झाडी आहे, रस्ते आहेत, वसतिगृहं आहेत. उत्तर प्रदेश, बिहारमधून मुलं येतात, हिंदी शिकायला परदेशांतूनही येतात. त्यांना आठवडाभराच्या सुट्टीत घर गाठता येत नाही. स्थानिक महाविद्यालयातला मुलगा दुपारी एकला सुटून आईच्या हातचं कैरीचं पन्हं प्यायला घरी पोचतो. टेकडीवरच्या वसतिगृहात राहणाऱ्याचं घर तीच खोली.

आणि ती खोली जर वरच्या मजल्यावर असेल, तर उन्हाळ्याची तयारी म्हणजे काय याचं सगळं उत्तर तिच्या छतात आहे. दहा-बारा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो. आतल्या बाजूला ती उष्णता पोचायला तीन-चार तास लागतात. म्हणून दुपारी दोनला वर तापलेला स्लॅब आतून संध्याकाळी पाच-सहाला तापतो. बाहेर जरा वारा सुटतो तेव्हा आत छत ओकायला लागतं, मध्यरात्रीपर्यंत. उष्णतेचं आजारपण दुपारी होतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात ज्या शरीराला रात्री थंड व्हायला मिळत नाही, ते दुसऱ्या दिवशीच्या उन्हात थकलेलंच उतरतं. मुलं गाद्या घेऊन गच्चीवर झोपतात ती काही हौसेने नाही.

वर्धा शहरापासून आठ किलोमीटरवर याच प्रश्नाचं एक जुनं उत्तर उभं आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे वर्ध्याचा उन्हाळा ऐन भरात असताना, सहासष्ट वर्षांचे गांधीजी शेगावला राहायला गेले. याच गावाचं नाव पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झालं, कारण बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोळ होई. घर बांधायचं ते इथल्याच सामानातून, इथल्याच कारागिरांच्या हातून आणि कमीत कमी खर्चात, अशी त्यांची अट होती. मातीच्या जाड भिंती, बांबू आणि लाकडाचा सांगाडा, वर कवेलू, भोवती खाली उतरत आलेली पडवी. आज आदिनिवास किंवा बापूकुटीत मे महिन्याच्या दुपारी शिरणाऱ्या माणसाला पहिला अनुभव येतो तो गारव्याचा, मग त्या जागेचं मोठेपण आठवतं.

त्या गारव्यामागे साधं शास्त्र आहे. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून उष्णता आत यायला दहा-बारा तास लागतात. ती पोचते तोवर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडून तिला बाहेर काढता येतं. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पडवी भिंतीवर ऊन पडूच देत नाही, आणि न पडलेल्या उन्हापासून भिंतीला वाचवावं लागत नाही. हे शहाणपण आश्रमाने शोधलं नव्हतं. ते विदर्भातल्या प्रत्येक खेड्यात होतं. आश्रमाने त्याला मान दिला. पुढे १९७० च्या दशकात देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. तिथे मातीच्या भिंतींवर आणि कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंवर काम झालं. एकात एक बसणारे हे शंकू ओळीने रचले की कमानीसारखं छत तयार होतं, आणि त्यात हवेचे कप्पे अडकून राहतात. ज्या जिल्ह्यात हे सगळं हाताच्या अंतरावर आहे, त्या जिल्ह्यात वसतिगृहांच्या गच्च्या आजही उघड्या काँक्रीटच्या राहाव्यात याची खंत वाटते.

उभी इमारत पाडून मातीची बांधा असं कोणी म्हणत नाही. पण चुना तर लावता येतो. गच्चीवर पांढरा थर दिला की ऊन परत फिरतं आणि खालच्या खोलीचं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. अहमदाबादने झोपडपट्ट्यांतल्या पत्र्यांवर हा प्रयोग केला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी राज्याचं धोरणच आणलं. पाच अंश म्हणजे ४० च्या खोलीची ३५ ची खोली. ४० मध्ये पुस्तक हातात धरवत नाही, ३५ मध्ये पंख्याखाली निदान धडा वाचून होतो.

चुना आणि माती यांच्या मधल्या काळात विदर्भाने आपलं खास यंत्र उभं केलं, ते म्हणजे कूलर. मार्च लागला की वर्ध्याच्या बाजारात ताट्या दिसू लागतात. लाकडाच्या कुरळ्या भुशाच्या साध्या, वाळ्याच्या महागड्या आणि सुगंधी. जुन्या ताट्या काढायच्या, टाकी घासायची, पंप चालतो का पाहायचं, मोटारीत तेल सोडायचं. वसतिगृहात शंभर खोल्या असतील तर हे काम शंभरदा, आणि पहिल्या ४२ च्या आधी. हिमवादळाच्या मुलखात बर्फ उपसायच्या गाड्या ऑक्टोबरात तपासतात, तसंच हे.

कूलर इथे इतका का चालतो, हे एका आकड्यात सांगता येतं. मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर आलेली असते. अशा ४५ अंशांच्या कोरड्या हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक धरला तर तो साधारण २४ दाखवतो. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, एका लिटरमागे सुमारे २४०० किलोज्यूल. चांगली ताटी असलेला कूलर ४५ ची हवा २८-३० पर्यंत आणून सोडतो, आणि तेही एसीच्या काही अंश विजेत. मात्र त्याला दोन अटी आहेत. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी बंद करून कूलर लावला तर खोलीत अर्ध्या तासात ओल भरते आणि थंडावा मरतो. दरवर्षी नव्या मुलांना हे कोणीतरी सांगावं लागतं. दुसरी अट पाण्याची. एक कूलर तासाला पाच-दहा लिटर पाणी उडवतो. शंभर कूलर रोज दहा तास चालले तर पाच ते दहा हजार लिटर पाणी गेलं, आणि तेही नद्या-विहिरी तळाला गेलेल्या असताना. धाम नदीवर जगणाऱ्या या शहरात उन्हाळ्याचं नियोजन म्हणजे आधी पाण्याचं नियोजन. किती टाक्या, टँकर कोणाचा, वीज गेली तर वरच्या टाकीत पाणी चढवणार कसं, याची उत्तरं फेब्रुवारीत मिळालेली बरी.

जूनच्या मध्यावर हेच यंत्र हात टेकतं. ढग येतात, पारा ३६-३८ वर उतरतो, पण आर्द्रता चढते आणि कूलरची हवा नुसती चिकट लागते. पाऊस पडलेला नाही, घाम वाळत नाही, अशा त्या आठ-दहा दिवसांत माणसं जास्त हैराण होतात. थर्मामीटरवरचा आकडा उतरला म्हणून सावधपणा उतरवू नये, तो यासाठीच.

इमारत आणि कूलर ही झाली वस्तूंची तयारी. त्याहून मोठी तयारी वेळापत्रकात असते, आणि तिथे विदर्भाने आपलं वेगळेपण सरकारदरबारी मान्य करून घेतलं आहे. २०२४ साली राज्यातल्या शाळा १५ जूनला उघडल्या, विदर्भातल्या १ जुलैला. २०२५ मध्ये इतरत्र १६ जून, विदर्भात २३ जून. एकाच राज्यात दोन तारखा हा उन्हाचा मान आहे. मार्च-एप्रिलपासून सकाळची शाळा हाही तसाच जुना रिवाज. महाविद्यालयांना मात्र एवढी मोकळीक नसते. विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्येच येते, शेकडो केंद्रांवर एकाच वेळी घ्यावी लागते, आणि एक पेपर पुढे ढकलला की निकाल, प्रवेश, पुढचं सत्र सगळंच सरकतं. म्हणून इथे ‘बंद’ हा शब्द कमी कामाचा. खरा प्रश्न पेपर सकाळी आठला ठेवता येतो की दुपारी दोनला ठेवावा लागतो, हा असतो. दुपारचा पेपर म्हणजे मुलगा बाराच्या उन्हात एसटीने आर्वीहून किंवा हिंगणघाटहून निघणार, तीन तास पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली बसणार आणि पाचच्या झळांत परत जाणार. वर्गात पंखे चालू असणं, वीज गेली तर जनरेटर असणं, पाण्याचा माठ दाराशी असणं, या गोष्टी किरकोळ वाटतात. त्या परीक्षेइतक्याच महत्त्वाच्या आहेत. केरळने २०१९ मध्ये शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. परीक्षागृहातही अशी एक घंटा वाजली तर बिघडणार काहीच नाही.

आता पुन्हा बफेलोच्या त्या सकाळकडे यावं लागेल, कामावर निघालेल्या माणसांकडे.

विद्यापीठात उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हा ती सगळ्यांना लागत नाही. मुलं गावी जातात, प्राध्यापक घरी बसून उत्तरपत्रिका तपासतात. फाटकावरचा सुरक्षारक्षक मात्र फाटकावरच असतो, बहुधा पत्र्याच्या टपरीत. बगीच्यात पाणी घालणाऱ्या बाया असतात. खानावळीत भट्टीसमोर उभा स्वयंपाकी असतो, आणि बाहेर ४४ असताना भट्टीजवळ किती असेल ते त्यालाच ठाऊक. आणि नेमकी याच दिवसांत बांधकामं आणि दुरुस्त्या काढल्या जातात, कारण इमारती रिकाम्या असतात. गवंडी, रोजंदारीवरचे मजूर, रंगारी, सगळे मेच्या दुपारी गच्चीवर. उष्णतेविरुद्धच्या योजनेत विद्यार्थ्यांसाठी चार पानं आणि यांच्यासाठी चार ओळी असतील, तर ती योजना उलटी लिहिली गेली आहे.

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्ताचं आकारमान वाढतं. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याच्या सांगण्यानुसार उष्णतेने कामावर होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी होतात. म्हणजे नव्या मजुराला पहिल्या दिवशी पूर्ण पाळी देणं हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट. सुट्टीवरून परतलेल्या, तापातून उठलेल्या माणसाचंही तसंच. उपाय फुकटचा आहे: काम पहाटे सहाला सुरू करावं, अकराला थांबवावं, चारनंतर पुन्हा धरावं. वर्ध्याचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला. कंत्राटाच्या कागदावर ही वेळ लिहायला हवी, कारण न लिहिलेली सावली कंत्राटदार देत नाही.

‘ऊन लागलं’ हा आपल्याकडचा शब्द फार मोठ्या पट्ट्यावर पसरलेला आहे. डोकं दुखणं, मळमळ, पेटके, खूप घाम यालाही ऊन लागलं म्हणतात आणि शुद्ध हरपण्यालाही. यातला फरक प्रत्येक रक्षकाला, प्रत्येक वसतिगृहप्रमुखाला माहीत असायला हवा. माणूस घामाने भिजलेला, थकलेला आहे पण नीट बोलतोय, तर सावली, विश्रांती, मिठा-साखरेचं पाणी, ताक. माणूस बरळायला लागला, पाय लटपटले, झटके आले आणि अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि मेंदूपासून मूत्रपिंडांपर्यंत सगळं धोक्यात असतं. अशा वेळी पाणी पाजत बसू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. रुग्णवाहिका येईपर्यंत वाटही पाहू नये. कपडे सैल करून अंगावर सरळ गार पाणी ओतावं, ओल्या चादरीत गुंडाळावं, वरून पंखा लावावा. नुसता पंखा उपयोगाचा नाही; हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर कोरडा पंखा उलट भट्टीची हवा अंगावर मारतो. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती थंड झालं, यावर जगणं अवलंबून असतं. कूलरची टाकी, बादली आणि चादर प्रत्येक वसतिगृहात असतेच. ती कशासाठी वापरायची हे मात्र आधी सांगून ठेवलेलं असावं लागतं.

या बाबतीत वर्धा नशीबवान आहे. कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं महाविद्यालय सेवाग्रामला. सावंगी (मेघे) इथे अभिमत विद्यापीठ आणि त्याचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. खेड्यांनी वेढलेल्या एवढ्या लहान शहराला दोन मोठी वैद्यकीय संकुलं फार कमी ठिकाणी लाभतात. आणि या संस्थांना तर ‘बंद’ हा पर्यायच नाही. लाट आली की वर्ग थांबतील, पण वॉर्ड भरतील. ज्या दिवशी इतर विद्यापीठं माणसं कमी करतात, त्या दिवशी यांना माणसं वाढवावी लागतात. शिकणारी मुलं त्याच वॉर्डांत उभी असतात, आणि त्यांच्या उन्हाळी परीक्षेतला हा एक पेपर कोणी छापलेला नसतो.

एका दिवसाचा समारंभसुद्धा किती महागात पडतो, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये पाहिलं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उघड्या मैदानात बसले होते. पारा ३८ च्या आसपास, विदर्भाच्या मानाने नरमच, पण समुद्राकाठची दमट हवा आणि डोक्यावर काही नाही. उष्माघाताने चौदा जण गेले. भर दुपारी मैदानात मांडव न घालता कुठलाही कार्यक्रम ठेवण्याचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने आधी ही तारीख आठवावी.

अशा घटनांतूनच आराखडे तयार होतात. अहमदाबादेत मे २०१० मध्ये ४६.८ अंश झाले आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून अधिक मृत्यू झाले. त्यातून २०१३ चा देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा आला. नागपूर आणि भोवतालचा प्रदेश २०१६ मध्ये त्या वाटेवर आला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख. शाळांच्या वेळा बदलण्यापासून कामं थांबवण्यापर्यंतचे आदेश त्यांच्याकडून निघू शकतात. पण जिल्ह्याचा आदेश फाटकापर्यंत येतो. फाटकाच्या आत कोणी, कोणाला, किती वाजता सांगायचं, हे त्या संस्थेने स्वतः ठरवून ठेवावं लागतं.

वर्ध्याला हिवाळी वादळ मुळीच नाही, असंही नाही. २९ डिसेंबर २०१८ ला शेजारच्या नागपुरात किमान तापमान ३.५ पर्यंत उतरलं होतं. गारपीट तर खऱ्या अर्थाने इथलं हिमवादळ. पश्चिमेकडून येणारे थंड हवेचे प्रवाह आणि समुद्रावरून आलेली ओल मध्य भारतावर भेटली की हिवाळा सरताना ढग उंचच उंच चढतात आणि गारा कोसळतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट महाराष्ट्रातला शेतकरी विसरलेला नाही. विद्यापीठाला अशा वेळी मांडव आवरावा लागतो, विजा कडाडत असताना मुलांना मैदानातून आणि झाडांखालून आत घ्यावं लागतं. हे तासा-दोन तासांचं काम. गारपिटीचा खरा तडाखा महिनाभराने कार्यालयाच्या खिडकीशी येतो. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतल्या संत्र्याच्या बागा, हरभरा, गहू झोडपला गेला की त्या घरातल्या मुलाचं परीक्षा शुल्क थकतं, मेसचं बिल थकतं, आणि कधी तो मुलगाच न सांगता निघून जातो. दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी देण्याची सोय राज्यात आहे. अशी सोय मुलाला अर्ज करायला लावण्याआधी त्याच्यापर्यंत पोचावी, इतकी तत्परता दाखवणारी संस्था वादळासाठी तयार आहे असं म्हणता येईल.

जुलैमध्ये धाम नदीला पाणी येतं, टेकड्या हिरव्या होतात, नवी मुलं सामान घेऊन उतरतात. त्यांच्या पालकांना पहिल्याच दिवशी कोणी उन्हाबद्दल सांगत नाही, आणि ते बरोबरही आहे. त्याला अजून आठ महिने आहेत. त्या आठवड्यातलं काम वेगळंच असतं. खिडक्यांतल्या कूलरच्या टाक्यांत उन्हाळ्याचं उरलेलं पाणी तसंच साचून असतं. स्वच्छ, साठलेलं पाणी डेंगीच्या डासाला फार आवडतं, आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून वसतिगृहातला माणूस हातात पाना घेऊन खोली-खोली फिरतो, टाक्यांची बुचं उघडतो, ताट्या काढून उन्हात वाळत टाकतो आणि रिकामे कूलर जिन्याखाली ओळीने लावून ठेवतो.